ग्राफिक डिझायनरचा दिवस नेमका कसा जातो: नाशिकमधून एक उत्तर

सिन्नरच्या एका तरुणाने विचारलं आहे. वय २६, बी.कॉम. झालेले, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात अकाउंट्सला आहेत. वर्षभरापासून संध्याकाळी कोरलड्रॉ आणि फोटोशॉप शिकतात, कॅनव्हावर मित्रांच्या दुकानांच्या पोस्ट करून देतात. नोकरी सोडून पूर्णवेळ यात यावं का, रोजचं काम कसं असतं, पैसे किती आणि वेळेवर मिळतात का, घरी बसून होतं का, आणि एआय आल्यावर हे काम राहील का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी २००७ मध्ये शालिमारजवळच्या एका डीटीपी सेंटरवर टायपिंगला लागले. पुढे काही वर्षं ऑफसेट प्रेसमध्ये फाइल तपासण्याचं आणि छपाईच्या प्लेटपर्यंत नेण्याचं काम केलं. २०१४ पासून गंगापूर रोडला माझा चार जणांचा स्टुडिओ आहे. पुढचं सगळं त्या अनुभवातून सांगते. मुंबईच्या मोठ्या एजन्सीत चित्र वेगळं असेल, पण तुम्ही नाशिकमध्येच राहणार आहात.

सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात मी टेबलावर असते. त्यातले ज्याला खरोखर डिझाइन म्हणता येईल असे तास दोन, फार तर तीन. बाकीचा वेळ मॅटर, म्हणजे छापायचा मजकूर, मिळवण्यात, वाचण्यात, करेक्शन लावण्यात आणि प्रेसशी बोलण्यात जातो. माझ्याकडून सोडून गेलेल्या मुलांपैकी बहुतेकांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. दुसऱ्याचा मजकूर पाचव्यांदा वाचायचा त्यांना कंटाळा यायचा, आणि या कामात तोच गुण रोज लागतो. तुम्ही अकाउंट्समध्ये आहात, ताळा जुळेपर्यंत उठायचं नाही ही सवय तुम्हाला आहे. ती तुमच्या फोटोशॉपपेक्षा मोलाची आहे, हे मी मनापासून सांगते.

दिवस सुरू होतो व्हॉट्सॲपने. लोक रात्री दुकान बंद करून मॅटर पाठवतात. समजा एका दवाखान्याच्या उद्घाटनाची पत्रिका आहे. डॉक्टरांच्या वडिलांनी वहीच्या पानावर लिहिलेल्या नावांचे तीन फोटो येतात, त्यातला एक अंधारात काढलेला. मागून एक व्हॉइस नोट: "मामांचं नाव वर घ्या, आणि काकू राहिल्यात." लोगो म्हणून कुणाच्या तरी डीपीचा स्क्रीनशॉट. यातून एक स्वच्छ मॅटर टाइप करायचा, तो परत पाठवायचा आणि 'बरोबर आहे' असं लेखी उत्तर येईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. हा अर्धा तास वाचवला की संध्याकाळचे तीन तास हमखास जातात.

त्या स्क्रीनशॉटचा हिशोब समजून घ्या, कारण हा प्रसंग रोज येतो. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, धरतात, म्हणून व्हिजिटिंग कार्डावर दीड इंच रुंद लोगो हवा असेल तर ४५० पिक्सेल लागतात. दहा फुटी फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला प्रत्यक्ष मापाला ७२ डीपीआयही चालतं, पण तरी दहा फूट म्हणजे १२० इंच, आणि १२० गुणिले ७२ म्हणजे ८,६४० पिक्सेल. व्हॉट्सॲपवर फिरून दबलेल्या चित्रात तेवढे नसतात. मग लोगो कोरलमध्ये नव्याने रेखून काढावा लागतो. तास-दीड तासाचं काम आहे आणि ग्राहकाला ते दिसत नाही. मी त्याचे पैसे आता वेगळे लावते, सुरुवातीची सात-आठ वर्षं लावले नाहीत. तुम्ही पहिल्या दिवसापासून लावा.

दहा ते एक हा माझा खरा कामाचा वेळ. फोन बाजूला ठेवते आणि नवीन कामं याच वेळात बसवते. दुपारनंतर प्रेसचे फोन सुरू होतात. "मॅडम, फॉन्ट मिसिंग दाखवतंय, कर्व्ह करून पाठवा." "ब्लीड दिलेलं नाही." कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांचे रेषांचे आकार करणं, मग फॉन्ट नसला तरी छापता येतं. ब्लीड म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर रंग वाढवून ठेवणं. कटिंग मशीनचं पातं केसभर सरकलं तरी कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून. क्लासमध्ये हे एका वाक्यात सांगून सोडतात. प्रेसमध्ये पाच हजार पत्रकांच्या कडेला ती रेघ पाहिली की आयुष्यभर लक्षात राहतं.

मोठं काम असेल तर चार वाजता मी मशीनवर जाते. स्क्रीनवरचा रंग प्रकाशाने बनतो आणि कागदावरचा चार शायांनी, त्यामुळे मॉनिटरवर झगमगणारा निळा ऑफसेटवर हमखास मळकट उतरतो. पहिले शीट निघतात तेव्हा तिथे उभं राहून मशीनमनला "मॅजेंटा (गडद गुलाबी शाई) थोडा खाली घ्या" म्हणता येणं हे शिक्षण कुठल्याच क्लासमध्ये मिळत नाही. मशीनमनशी बोलताना आदर ठेवा. सातपूरच्या प्रेसमध्ये मी ज्यांच्याकडून रंग शिकले त्यांनी शाळा सातवीत सोडली होती, आणि कागदाला बोट लावून तो १३० जीएसएमचा (कागदाच्या वजनाचं माप) की १७० चा ते सांगायचे.

आता देवनागरीबद्दल सविस्तर लिहिते, कारण नाशिकमधलं निम्म्याहून जास्त काम मराठीत आहे आणि शिकण्याचे बहुतेक व्हिडिओ इंग्रजी अक्षरांवर बेतलेले असतात. श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे. त्यात मराठी अक्षराच्या जागी आत भलतंच काही साठवलेलं असतं. ग्राहक मोबाइलवरून युनिकोडमध्ये मॅटर पाठवतो, बऱ्याच प्रेस अजून जुन्या कोरलमध्ये जुन्या फॉन्टवर काम करतात, आणि मधे एक कन्व्हर्टर बसतो. त्या कन्व्हर्टरमध्ये रफार गळतो, 'दुसऱ्या'मधला ऱ्या फुटतो, 'ॲ' नाहीसा होतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाइपचं सेटिंग दक्षिण आशियाई लिप्यांसाठी बदललं नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. इंग्रजीत शीर्षक भारदस्त दिसावं म्हणून अक्षरांत अंतर वाढवतात. मराठीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारावर येऊन बसतो. मराठीचा ल आणि श हिंदीच्या वळणाहून वेगळे आहेत. पाकळीचा ल आणि शेंडीफोड्या श वापरावा असं राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात सांगितलेलं आहे, तरी फुकट मिळणारे कितीतरी फॉन्ट हिंदी वळणाचे असतात. 'मुक्त' आणि 'बालू' हे एक टाइप या संस्थेचे खुले फॉन्ट तपासून बघा. आणि कमल शेडगे यांनी नाटकांसाठी केलेली अक्षरं शोधून बघा. ते २०२० मध्ये गेले. शब्दाचा अर्थ अक्षराच्या अंगात कसा आणायचा, हे त्यांच्या एकेका शीर्षकाकडे तासभर बघून शिकण्यासारखं आहे. मी शिकले.

रफाराची किंमत मी भरलेली आहे. २०१५ च्या लग्नसराईत एक पत्रिका केली, जाड कागद, सोनेरी फॉइल, सातशे प्रती. घरच्यांनी मोबाइलवर बघून 'ओके' पाठवलं होतं. पहिली पत्रिका वणीला सप्तशृंगीसमोर ठेवायला काढली तेव्हा मुलीच्या आत्यांनी ती मोठ्याने वाचली, आणि 'शुभाशीर्वाद'च्या जागी 'शुभाशीवाद' छापलेलं सापडलं. कन्व्हर्टरनंतर मी ती ओळ पुन्हा वाचली नव्हती. ओके त्यांचं होतं, पण चूक माझी होती. दोन दिवसांत सगळ्या पत्रिका माझ्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या, त्या महिन्यात हातात काही राहिलं नाही. त्यानंतर स्टुडिओत तीन गोष्टी ठरल्या. फायनल फाइलचा कागदावर प्रिंट काढायचा. एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ मॅटरवर बोट ठेवायचं. आणि त्या प्रिंटवर ग्राहकाची तारखेसह सही घ्यायची. पत्रिकेत तारीख, वार आणि तिथी पंचांगाशी जुळवून बघायची, कारण घरचे लोक वार हमखास चुकवतात. मोबाइल नंबर असेल तर तो डायल करून बघायचा. यातलं एकही काम 'क्रिएटिव्ह' वाटत नाही. माझ्याकडे दहा-दहा वर्षं टिकलेले ग्राहक मात्र याच कारणाने टिकले आहेत.

वेळेचं विचारलंत. दिवसाचे तास मोजून उपयोग नाही, वर्ष बघावं लागतं. जानेवारी ते मार्च द्राक्षांचा हंगाम: खोकी, लेबलं, निर्यातदारांचं साहित्य. मार्च ते जून शाळा-क्लासेसची प्रवेशाची पत्रकं, त्यात लग्नसराई. पावसाळ्यात जरा श्वास मिळतो असं वाटतं, तेवढ्यात पतसंस्थांचे अहवाल येतात. सहकारी संस्थेला वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभेची नोटीस आधी सभासदांपर्यंत पोचवावी लागते, म्हणून ऑगस्टमध्ये सगळ्यांना एकदमच अहवाल हवा असतो. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, ठेवींचे तक्ते, मधूनच लेखापरीक्षकाने बदललेले दोन आकडे. ज्या आठवड्यात हे येतं त्याच आठवड्यात गणेशमंडळांच्या पावत्या आणि बॅनर. पितृपक्षात उद्घाटनं थांबतात, तेव्हा आम्ही मशीनची सफाई आणि जुन्या फाइलींची साठवण उरकतो. मग नवरात्र, दिवाळी, आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा पत्रिका. भाद्रपद ते दिवाळी या काळात माझ्या स्टुडिओत रात्री नऊपर्यंत दिवे असतात. तुम्हाला घरच्या गणपतीत पाचही दिवस मोकळं राहायचं असेल तर हे आधीच घरी बोलून ठेवा. माझ्या सासूबाईंनी हे समजून घेतलं म्हणून माझा धंदा उभा राहिला.

आणि रविवार. सातपूर-अंबडची औद्योगिक सुट्टी शनिवारी, बाजारपेठ आणि कार्यालयांची रविवारी. कारखान्यांचे ग्राहक रविवारी सकाळी दहाला फोन करतात, त्यांच्या दृष्टीने तो कामाचा दिवस असतो. दोन्ही प्रकारचे ग्राहक असले की आठवड्यात एकही सुट्टी उरत नाही. मी रविवार बंद ठेवायला लागले तेव्हा दोन कारखाने सोडून गेले, बाकीच्यांनी सवय करून घेतली.

फ्लेक्सबद्दल माझं मत कडक आहे. नवीन मुलाला नाशिकमध्ये पहिलं काम बहुधा फ्लेक्सच्या दुकानात मिळतं, कारण तिथे माणूस कायम लागतो. रात्री अकराला तीस कार्यकर्त्यांचे फोटो येतात, सकाळी सहाला बॅनर चौकात हवा असतो, कोणाचा फोटो कितव्या ओळीत आणि किती मोठा यावरून दुकानात भांडणं होतात. वेग येतो, कटआउट काढायला हात बसतो, माणसं सांभाळायला शिकता येतं. सहा महिने जरूर करा. त्यापुढे तिथेच राहिलात तर झोप जाते आणि डोळ्याला चांगलं-वाईट दिसेनासं होतं. मी २०१८ पासून रात्रीची बॅनरची कामं घेत नाही. फ्लेक्सच्या दुकानात असताना निदान कायदा माहीत ठेवा: १०० मायक्रॉनहून पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. विधानसभा-लोकसभा निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७-क प्रमाणे बंधनकारक आहे. कार्यकर्ता घाईत असतो, तो हे सांगणार नाही. विचारायचं आपणच.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते पॅकेजिंग, आणि नाशिकमध्ये त्याला तोटा नाही. द्राक्षं, बेदाणे, चिवडा, मसाले, वाइन. इथे डिझाइनरला यंत्राची मर्यादा आधी शिकावी लागते. द्राक्षाचा पुठ्ठ्याचा खोका बहुतेक वेळा फ्लेक्सोवर छापतात. रबरासारख्या मऊ स्टिरिओने (ठशाने) शाई नालीदार पुठ्ठ्यावर दाबली जाते, म्हणून बारीक रेघा भरून येतात, बारीक अक्षरांची पोटं बुजतात आणि दोन रंग एकमेकांना चिकटून ठेवले तर मधे पुठ्ठा दिसतो. स्क्रीनवर देखणी दिसणारी छाया तिथे डाग होते. दोन सपाट रंगांत, जाड रेषेत, दुबईच्या गोदामात दहा फुटांवरून ओळखू येईल असा द्राक्षाचा घड काढणं हे कुठल्याही पोस्टरपेक्षा अवघड आहे, आणि जमलं की समाधानही तेवढंच मोठं.

पाकिटाच्या मागच्या बाजूवर तर आणखी सावध राहावं लागतं. २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे निर्मात्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना-वर्ष, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क हे सगळं यायला हवं, आकड्यांची उंचीही ठरवून दिलेली आहे. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह. बारकोड लाल रंगात कधीच देऊ नका. दुकानातला स्कॅनर बहुधा लाल प्रकाशाने वाचतो, त्याला लाल पट्ट्या पांढऱ्याच दिसतात. वाइनचं लेबल राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या मंजुरीतून जातं, म्हणून मंजुरीनंतर 'एवढा एक शब्द बदला ना' याला नाही म्हणावं लागतं. चिवड्याच्या पाऊचसाठी ग्रॅव्ह्युअर छपाई असेल तर प्रत्येक रंगाचा धातूचा सिलिंडर कोरला जातो. तिथे वजनाचा आकडा चुकला तर सिलिंडरच नवा करावा लागतो. ग्राहक म्हणतो, "डिझाइनच तर आहे." त्याच्या मागे हे सगळं उभं असतं.

पैशाकडे येते. माझ्या स्टुडिओत नवीन मुला-मुलीला मी बारा ते चौदा हजारांवर घेते, तीन-चार वर्षांत काम स्वतंत्रपणे सांभाळायला लागल्यावर पंचवीसच्या पुढे. तुमचा अकाउंट्सचा पगार कदाचित आज यापेक्षा जास्त असेल. पहिली दोन वर्षं तोटा सोसायची घरची तयारी आहे का, हा प्रश्न तुम्ही मला विचारण्याआधी घरी विचारायला हवा. लहान स्टुडिओत ओव्हरटाइम, पीएफ हे शब्द फारसे ऐकू येत नाहीत. मुलाखतीतच वेळ आणि सुट्टी विचारून घ्या. विचारणारा माणूस मला तरी आवडतो.

स्वतःची कामं घेतलीत तर निम्मे पैसे आगाऊ. करेक्शनच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे. हे कोटेशनवरच लिहा, तोंडी सांगितलेलं कुणालाच आठवत नाही. एका बांधकाम व्यावसायिकाचं नाव, लोगो, माहितीपत्रक मी तीन महिने केलं. आगाऊ घेतलं नव्हतं. त्याने बिलाचे पैसे दिले नाहीत, पण लोगो साइटच्या फलकावर दोन वर्षं झळकत होता आणि मी रोज त्याच रस्त्याने मुलाला शाळेत सोडायला जायचे. तेव्हा मला कायदा माहीत नव्हता. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे नोकरीत असताना केलेल्या कामाचा हक्क सर्वसाधारणपणे नोकरी देणाऱ्या कंपनीचा असतो, पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने काढलेल्या लोगोचा पहिला हक्क सहसा करणाऱ्याचाच असतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणून आता माझ्या बिलावर एक ओळ असते: पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील. त्या ओळीने बिलं खरोखर लवकर येतात.

तुम्ही अकाउंट्समधले, तर हेही तुमच्या लगेच लक्षात येईल. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे आणि डिझाइनसारख्या सेवेलाही मिळते. नोंदणी झाली की २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे ग्राहकाने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सूक्ष्म-लघु उद्योगांची देणी अशी थकवली तर ती प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाहीत, हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. कारखान्यांच्या अकाउंट्स विभागाला ही भाषा बरोबर कळते. मी बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून मार्चमध्ये फोन मला करावे लागत नाहीत, तिकडून येतात.

शरीराचं कोणी विचारत नाही, तुम्हीही विचारलेलं नाही. पस्तिशीत माझं उजवं मनगट इतकं दुखायला लागलं की कपबशी उचलवेना. डॉक्टरांनी माउस सोडायला सांगितलं. मी पेन टॅबलेट घेतला, महिनाभर चिडचिड झाली, मग हात बसला. कीबोर्डचे शॉर्टकट वेग वाढवतात म्हणून शिकवले जातात, मी ते मनगट वाचवतात म्हणून शिकवते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, मागे खिडकी नको, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद नजर. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छपाईच्या धंद्यात होते, आणि सिनेमाच्या ध्यासात रात्रंदिवस डोळे शिणवून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. उपचारांनी ती परत आली. डोळे हे आपलं मुख्य हत्यार आहे, वर्षातून एकदा तपासून घ्या. खुर्चीवर पैसे खर्च करा, कॉम्प्युटर एक पायरी कमी घेतला तरी चालेल.

घरी बसून होतं का? सोशल मीडियाच्या पोस्ट, पुस्तकांची मांडणी, बाहेरगावच्या एजन्सीचं काम सहज होतं. माझ्याकडची एक मुलगी बाळंतपणानंतर दोन वर्षं ओझरहून काम करत होती, उत्तम करत होती. पण तिने आधी चार वर्षं प्रेसच्या वाऱ्या केलेल्या होत्या, कागद आणि शाई तिच्या डोक्यात पक्की बसलेली होती. सुरुवातच घरून केली तर स्क्रीनच्या बाहेर काय घडतं ते कळायला फार उशीर होतो, आणि चूक सांगणारं माणूस शेजारी नसतं. घरी असलं की ग्राहकही रात्री अकराला हक्काने फोन करतात.

एआयचं खरं सांगते. कॅनव्हाने वाढदिवसाच्या आणि सणांच्या पोस्टचं काम आमच्याकडून नेलंच, एआयने उरलंसुरलं नेलं. ज्याच्याकडे फक्त तेवढंच होतं त्याला फटका बसला आहे, आणि तुम्ही आज जे मित्रांना करून देता ते नेमकं तेच काम आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. दुसरीकडे, लोक आता एआयने केलेलं चित्र घेऊन येतात आणि म्हणतात, "हेच खोक्यावर घ्या." त्यात मराठी जोडाक्षरं बिघडलेली असतात, रेषा फ्लेक्सोला चालणाऱ्या नसतात, घडातली द्राक्षं नेमकी कोणत्या जातीची ते कळत नाही. शेतकऱ्याला ते पहिल्या नजरेत कळतं. मी स्वतः पार्श्वभूमी साफ करायला, सुरुवातीच्या कल्पना बघायला एआय वापरते आणि तुम्हीही वापरा. ग्राहकाच्या बोलण्यातून त्याला नेमकं काय हवंय ते ओळखणं, मॅटर तपासणं, छापून आलेल्या प्रत्येक अक्षराला आपलं नाव लावून उभं राहणं, याचे पैसे मला आजही मिळतात, आणि पूर्वीपेक्षा जास्त मिळतात. २०२७ च्या सिंहस्थामुळे शहरात दिशादर्शक फलक, नकाशे, माहितीपत्रकं यांची कामंही निघत आहेत. चुकलेला बाण हजारो माणसांना चुकीच्या घाटाकडे नेईल, अशा कामाला वाचणारा आणि जबाबदारी घेणारा माणूस लागतोच.

नोकरी आत्ता सोडू नका. तुमची सुट्टी शनिवारी असते आणि मेन रोड, रविवार कारंजा भागातल्या लहान प्रेस शनिवारी चालू असतात. हा योग सगळ्यांना मिळत नाही. एखाद्या प्रेसमालकांना भेटा, पैसे नकोत, बारा शनिवार बसू द्या म्हणा. फाइल आली की ती उघडण्यापासून कटिंगपर्यंत तिच्या मागे फिरा. मशीनवर उभे राहा, भिंगातून ठिपके बघा, वाया गेलेले शीट घरी आणून का वाया गेले ते वहीत लिहा. पहिल्या महिन्यात कागद उचलायला लावतील, उचला. जुलैअखेर गेलात तर पतसंस्थांचे अहवाल सुरू झालेले असतील. ताळेबंदाची पानं तपासायला बसतो म्हणा. आकडे वाचू शकणारा माणूस त्या दिवसांत प्रेसला कुठूनही हवा असतो, आणि तिसऱ्या शनिवारी तुमच्यासाठी वेगळी खुर्ची टाकलेली असेल.